काट्याला पाणी कळत नाही



पेन्शन लागल्यावर घरी बसायचं असं ठरवणारे पुष्कळ असतात, प्रत्यक्षात बसणारे थोडे. मीही बसलो नाही. कुपवाडा, तेजपूर, जैसलमेर अशी २८ वर्षं काढून सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि गेली दोन वर्षं रायपूरजवळ बीरगांवात एका रोलिंग मिलचा सिक्युरिटी ऑफिसर आहे. मंडळी म्हणतात, ही पोस्टिंग कसली, ही तर नोकरी. पण घरापासून लांब, खोली भाड्याची, जेवण मेसचं आणि रात्रीची राउंड चुकत नाही; मला तरी ही पोस्टिंगच वाटते. म्हणून या मालिकेत बीरगांवचाही नंबर लावतोय.

बीरगांव रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर. शेजारी उरला, थोडं पुढे सिलतरा. सगळीकडे स्पंज आयर्नचे कारखाने, भट्ट्या आणि सळ्यांच्या मिला. दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळपर्यंत करडा होतो. छत्तीसगढी, बिहारी, ओडिया, सगळ्या बोली एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. आणि जागोजागी धरमकाटे. आपण ज्याला भुईकाटा म्हणतो तो. ट्रक वर चढला की वजन दाखवणारा.

सिक्युरिटीवाल्यानं या गावात पहिल्यांदा काय शिकायचं असेल तर काट्यावरची चोरी. भंगार न्यायला ट्रक येतो. आधी रिकाम्या ट्रकचं वजन होतं, मग भरलेल्याचं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. आता एखादा हुशार ड्रायव्हर काय करतो? रिकाम्या वजनाच्या वेळी गाडीत पाण्यानं भरलेली दोनशे लिटरची दोन पिंपं ठेवतो. वजन झालं की यार्डाच्या कोपऱ्यात पाणी सोडून देतो. चारशे किलो गेले. मग दहा टन माल भरला तरी पावतीवर नऊ टन सहाशे येतो. चारशे किलो लोखंड फुकट.

लक्षात घ्या, यात काटा कुठेही खोटं बोललेला नाही. दोन्ही वेळा त्यानं अगदी बरोबर वजन दाखवलं. चोरी झाली ती भरलेल्या गाडीत नाही, रिकाम्या गाडीत झाली.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या मिलमध्ये लाय डिटेक्टर आला. तेव्हापासून या यंत्राबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की हा तर आपला धरमकाटाच आहे.

लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ, खोटं पकडत नाही. खोटं ही काही मोजता येण्यासारखी वस्तू नाही. छातीवर आणि पोटावर पट्टे बांधून तो श्वास मोजतो, बोटांना लावलेल्या तारांतून घाम मोजतो, दंडावरच्या पट्ट्यातून रक्तदाब आणि नाडी मोजतो. बाकी सगळं प्रश्न विचारणारा माणूस त्या रेघांवरून ठरवतो.

ठरवायची सर्वांत प्रचलित रीत अमेरिकेत जॉन रीड यांनी १९४७ साली मांडली. त्यात दोन प्रकारचे प्रश्न मिसळून विचारतात. एक मुद्द्याचा: “स्टोअरमधली केबल तू नेलीस का?” दुसरा तुलनेचा: “आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केलास का?” दुसऱ्या प्रश्नाला कोणीही थोडा चुळबुळतोच. हिशेब असा, की निष्पाप माणूस त्या मोघम प्रश्नाला जास्त बिचकेल आणि गुन्हेगार मुद्द्याच्या प्रश्नाला. दोन्हींतला फरक म्हणजे निकाल. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी.

मग पिंपात पाणी भरणारा इथेही असणारच. मोघम प्रश्न आला की गुपचूप जीभ चावायची, बुटातल्या बुटात पायाची बोटं दाबायची, नाहीतर मनात एखाद्या मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत जायचं. शरीर उसळतं, रेघ वर जाते. पुढे मुद्द्याच्या प्रश्नाला रेघ उसळली तरी तुलनेत ती लहान दिसते. रिकाम्या गाडीचं वजन फुगवलं, की भरलेलीतला माल कमी दिसतो. इंग्रजीत याला काउंटरमेझर म्हणतात, आपण चकवा म्हणू.

चार्ल्स हॉन्ट्स, डेव्हिड रास्किन आणि जॉन किर्चर या संशोधकांनी १९९४ साली याचा प्रयोग छापला. लुटुपुटूचा गुन्हा करायला लावलेल्या लोकांना जास्तीत जास्त अर्धा तास शिकवलं. त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी यंत्राला चकवलं. जीभ चावणारे असोत, बोटं दाबणारे असोत की मनात आकडे मोजणारे, साधारण सारखंच. हे संशोधक पॉलिग्राफच्या विरोधातले नव्हते, त्याच क्षेत्रात काम करणारे होते. म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आहे.

खरा वाद इथून पुढे आहे. चकवा देता येतो हे आता कुणी फारसं नाकारत नाही. प्रश्न असा, की दिलेला चकवा पकडता येतो का?

चाचणी घेणाऱ्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, नवशिका घाईत असतो. त्याचा श्वास एकाएकी एकसारखा होतो, रेघ नको तिथे आणि नको तेवढी उसळते, उत्तर देण्याआधी तो अडखळतो. शिवाय आता खुर्चीच्या बैठकीत आणि पायाखाली हालचाल टिपणारे सेन्सर असतात. बोटं दाबली, मांडी आवळली की कळतं. म्हणजे ट्रकवर चढून पिंप बघण्याची सोय त्यांनी केली आहे. अशा रीतीनं माणसं पकडली जातात, हेही खरं.

पण मनातल्या आकड्यांसाठी खुर्चीखाली कोणता सेन्सर लावणार? वरच्याच प्रयोगात कसलेल्या परीक्षकालाही कोण चकवा देतोय हे बघून नीट ओळखता आलं नव्हतं. आणि “आम्ही इतके पकडले” या हिशेबात एक जुनी खोट आहे, जी गेटवर ड्युटी केलेल्या कुणालाही कळेल. पकडलेल्या चोऱ्यांचं रजिस्टर असतं. न पकडलेल्यांचं नसतं. जो चकवून पास झाला, त्याच्या नावापुढे “प्रामाणिक” लिहिलेलं असतं.

असे प्रामाणिक बरेच होऊन गेले. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत होता आणि त्याच काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या पास झाला. केजीबीनं त्याला काही जादू शिकवली नव्हती; रात्री नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी गोडीनं वाग, एवढंच सांगितलं होतं. १९९४ साली तो पकडला गेला. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर खात्यातली ॲना मोंतेस क्युबासाठी हेरगिरी करत होती. तीही १९९४ मध्ये चाचणी पास झाली आणि २००१ मध्ये धरली गेली.

उलटं उदाहरण ओहायोतल्या फ्लॉइड फे याचं. न केलेल्या खुनासाठी १९७८ साली तो दोषी ठरला आणि त्यात पॉलिग्राफमध्ये नापास झाल्याचा मोठा वाटा होता. खरे गुन्हेगार सापडून १९८० मध्ये सुटेपर्यंत त्यानं तुरुंगात बसून या यंत्राचा अभ्यास केला. तुरुंगातल्या नियमभंगासाठी ज्या कैद्यांची चाचणी व्हायची, त्यांना तो पंधरा-वीस मिनिटं शिकवायचा. त्याच्याजवळ गुन्हा कबूल केलेल्या २७ जणांपैकी २३ जण यंत्राला चकवून पास झाले, असं मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिक्केन यांनी नोंदवलंय.

आता आमच्या मिलमधली गोष्ट.

स्टोअरमधून तांब्याची केबल गेली. किती मीटर ते सोडा, पण शेठच्या डोक्यात जाईल इतकी. पोलिसांत तक्रार झाली, पण शेठला थांबायचं नव्हतं. एक खासगी एजन्सी लॅपटॉप आणि पट्टे घेऊन आली आणि गेटवरच्या चौदा जणांना एका खोलीत पाळीपाळीनं बसवलं. कागदावर प्रत्येकाची सही घेतली होती. नोकरी टिकवायची असेल तर त्या कागदावर सही कोण करणार नाही?

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. बहुतेक सगळे स्वच्छ. एकाच्या नावापुढे मात्र लिहिलं होतं: उत्तरं अनिर्णित, श्वासावर हेतुपुरस्सर नियंत्रण, चकवा दिल्याचा संशय. हा होता जशपूरकडचा एक निवृत्त हवालदार. गेटवरचा माझा सर्वांत भरवशाचा माणूस. मी एजन्सीच्या पोराला विचारलं, तुला हे कशावरून वाटलं? तो म्हणाला, “सर, इनकी साँस नॅचरल नहीं है. जानबूझकर कंट्रोल कर रहे हैं.”

फौजी वाचकांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आम्हाला रंगरूट असताना फायरिंगचे उसूल पाठ करून घेतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. इथे शिस्त म्हणजे नेम. आणि नेम टिकतो श्वासावर. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा, ट्रिगर दाबा. हजारो गोळ्या असं केल्यावर ते शरीरात मुरतं. समोर ताण आला की श्वास आपोआप बसतो. हा हवालदार त्याच्या बटालियनच्या फायरिंग टीममध्ये होता. एक-एक इंचाच्या ग्रुपिंगसाठी ज्याला शाबासकी मिळाली, तो माणूस एका अनोळखी पोरासमोर पट्टे बांधून “केबल तू नेलीस का” ऐकतोय. त्याचा श्वास बसणार नाही तर काय होणार?

त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. चहा घेतला नाही. एवढंच म्हणाला, “साब, बीस साल जिस चीज की शाबाशी मिली, आज उसी का दाग लग गया.”

मी त्यावर काही बोललो नाही. सकाळी शेठकडे गेलो. शेठ लोखंडात मुरलेला माणूस, फालतू बोललेलं चालत नाही. तो म्हणाला, “सुभेदार साहब, मशीन को किसी से क्या दुश्मनी? मशीन झूठ थोड़े बोलेगी.”

मी म्हणालो, “काँटा भी झूठ नहीं बोलता, सेठजी. पर काँटे को क्या पता, गाड़ी में पानी है कि लोहा?”

शेठ थोडा वेळ गप्प बसला. मग मी समजावलं. आपल्या काट्यावर गाडीचं रिकामं वजन जास्त आलं, तर त्याचे अर्थ किती निघतात? पाण्याची पिंपं असतील. नाहीतर नवे टायर, भरलेली डिझेलची टाकी, दोन क्लीनर वर बसलेले, पावसानं भिजलेली ताडपत्री. काटा आकडा देतो, कारण देत नाही. कारण बघायला माणूस वर चढतो. आणि या पोरानं कुठे चढून बघितलं? त्यानं आकडा बघितला आणि कारण स्वतःच्या मनातून लिहिलं.

शेठला पटलं. रिपोर्ट कपाटात गेला. स्टोअरला दोन कुलपं आणि दोन वेगळ्या माणसांकडे चाव्या अशी पद्धत सुरू झाली, रात्रीचा गेटपास माझ्या सहीशिवाय बंद झाला. गेलेली केबल परत आली नाही. हवालदार दिवाळीपर्यंत राहिला आणि मग गावी निघून गेला. कुणी काढलं नाही त्याला. पण कॅन्टीनमध्ये पोरं चेष्टेत “साँस मत रोको चाचा” म्हणायची, आणि तो हसायचा नाही.

मला या वादात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. चकवा पकडता येतो असं मानलं, की त्याची किंमत चकवा देणाऱ्यापेक्षा न देणाराच जास्त मोजतो. ज्याला दमा आहे, ज्याला धाक बसलाय, जो योगासनं करतो, जो फौजेत होता, त्या सगळ्यांचा श्वास “नॅचरल” नसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात वसईच्या तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात दिल्लीच्या रोहिणी प्रयोगशाळेत आरोपीची पॉलिग्राफ चाचणी झाली. तेव्हा त्याला ताप-सर्दी असल्यानं नोंदी नीट आल्या नाहीत आणि पुन्हा बसवावं लागलं, हे सगळ्या वाहिन्यांवर आलं होतं. साध्या शिंकेनं ज्याची रेघ बिघडते, त्या यंत्रावरून समोरच्याच्या हेतूचा निवाडा करायचा म्हणजे फार झालं.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००३ साली या सगळ्याचा मोठा अहवाल काढला. त्यातलं एक गणित ऐका. १०,००० कर्मचारी आहेत, त्यांत १० हेर. चाचणी बऱ्यापैकी अचूक आहे आणि दहापैकी आठ हेर सापडतील इतकी कडक लावली, असं धरा. तर नापास होतील १,६०६ जण. त्यांत हेर ८. उरलेले १,५९८ निष्पाप. आणि २ हेर तरीही पास. हे गणित चकवा न धरता केलेलं आहे. चकव्याबद्दल त्या अहवालानं वेगळं बजावलंय, की ज्याला खरंच लपवायचंय तोच ते शिकून येईल, म्हणून धोका गंभीर आहे.

न्यायालयांचं काय? फौजेतलीच एक केस सांगतो. अमेरिकन हवाई दलातला एक एअरमन मूत्रचाचणीत अमली पदार्थ घेतल्याचा सापडला, पण हवाई दलाच्याच पॉलिग्राफमध्ये पास झाला होता. कोर्ट मार्शलमध्ये त्याला तो निकाल मांडू दिला नाही. १९९८ मध्ये शेफर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं ती बंदी योग्य ठरवली. कारण, या यंत्राच्या भरवशाबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही. ज्या लष्करानं चाचणी घेतली, त्याच्याच न्यायालयात ती चालत नाही!

आपल्याकडे तेलगी मुद्रांक घोटाळ्यात २००४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अशा चाचण्यांना वाट मोकळी केली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं, की पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही जबरदस्तीनं करता येणार नाही. संमतीनं केली तरी निकाल हा स्वतः पुरावा नाही. तिच्या मदतीनं पुढे काही वस्तू किंवा माहिती सापडली, तर तेवढं कायद्याच्या चौकटीत घेता येतं. त्या निकालपत्रात चकव्याचाही विचार झाला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० सालीच घालून दिलेले नियम पाळा, असंही न्यायालयानं बजावलं: वकिलाचा सल्ला, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर संमती, आणि चाचणीची नोंद वकिलासमक्ष स्वतंत्र संस्थेकडून.

पण हे झालं पोलीस आणि आरोपीचं. मालक आणि नोकराचं काय? अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानं बहुतेक खासगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घ्यायला मनाई आहे. चोरीच्या तपासात सूट आहे, पण नुसत्या निकालावर नोकरीवरून काढता येत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आणि आपल्यापैकी हजारो जण पेन्शननंतर नेमक्या याच जागी उभे आहेत: मॉलच्या दारात, बँकेच्या गेटवर, कारखान्यांच्या केबिनमध्ये. चोरी झाली की पहिला संशय दारावरच्या माणसावर.

म्हणून माजी सैनिक भावांना चार गोष्टी सांगतो. असा कागद पुढे आला तर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागून घ्या. सक्ती होत असेल तर ती लेखी द्या म्हणावं. काही आजार, गोळ्या, जुनी जखम असेल तर आधी लिहून द्या. आणि तुम्ही फायरर होता, श्वासाची सवय आहे, हेही लिहून द्या. इंटरनेटवरच्या युक्त्या मात्र करू नका. निष्पाप माणसानं जीभ चावली तर त्याचंच माप बिघडतं. आणि “चकव्याचा संशय” असा शेरा आला तर एकच प्रश्न विचारा: कशावरून? खुर्चीच्या सेन्सरची नोंद दाखवता का, की नुसत्या रेघा?

जे साहेबांच्या खुर्चीत आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे, की रजिस्टर बघा, चाव्यांचा हिशेब बघा, रात्री तीन वाजता स्वतः एक राउंड मारा. वेळ लागतो, पाय दुखतात, पण त्यातून जे सापडतं ते दाखवता येतं. आणि ज्या माणसाला तुम्ही वर्षभर गेटवर उभं राहिलेलं बघितलंय, त्याला आधी समोर बसवून तुम्हीच विचारा. आमच्या हवालदाराला ते कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला अशा चाचणीला बसावं लागलं असेल तर जरूर कळवा. नाव छापणार नाही.

जय हिंद.